साडेतीन मुहूर्तांचा कॉम्प्युटर

रविवार, ६ सप्टेंबर १९९८

काल गणपती गेले. आजपासून कामाला लागायचं.

निश्चय: दिवाळीच्या आत घरात कॉम्प्युटर. तयार नाही, स्वतः जोडलेला. एकेक भाग पारखून घेतलेला.

हे सगळं कांतासाठी आहे. आमच्या हिने उन्हाळ्यात इथे डोंबिवलीत फडके रोडच्या क्लासात डी.टी.पी.चा कोर्स केला आणि पहिली आली. सर्टिफिकेट शोकेसमध्ये माझ्या कॅरमच्या कपाच्या पुढे ठेवलंय. कप मागे गेला, असो. कल्याणला उत्तमराव म्हणून प्रेसवाले आहेत. त्यांनी शब्द दिलाय की घरी कॉम्प्युटर असेल तर तुळशीच्या लग्नापासून पुढच्या सगळ्या लग्नपत्रिकांची जुळणी हिच्याकडे. बिल्डिंगमधल्या पोरांच्या शिकवण्या घेऊन घेऊन ती विटली आहे. परवा म्हणाली, मला एकदा स्वतःचं काम करायचंय हो, जे बघून लोक म्हणतील हे कांताने केलंय. बोलता बोलता डोळे भरले तिचे. मलाही कसंतरीच झालं. म्हणून शब्द दिला.

दुपारी दोघं ठाण्याला सुधीरच्या दुकानात गेलेलो. सुधीर म्हणजे आमच्या ऑफिसमागच्या गल्लीतला कॉम्प्युटरवाला. चाळिशीचा गृहस्थ, बोलायला गोड. म्हणाला, साहेब, रेडी सेट घेऊन जा, संध्याकाळी वहिनी कामाला लागतील. मी नुसता हसलो. सरकारी रेकॉर्ड सेक्शनमध्ये जन्म काढलेल्या माणसाला असा घाईत कोण गुंडाळणार.

तेवढ्यात कांताने एक कीबोर्ड उचलला, चार बटणं दाबून बघितली आणि शिकवण्यांच्या पैशातून घेऊन टाकला. विचारलं नाही, पुसलं नाही. नवरदेवाचा पत्ता नाही आणि मुंडावळ्या आणून ठेवल्या. बायकांना तेवढी हौस असते.

सोमवार, ७ सप्टेंबर

पितृपक्ष लागला. आता घट बसेपर्यंत नवीन वस्तू घ्यायची नाही. बरंच झालं. अभ्यासाला वेळ मिळाला.

बुधवार, ९ सप्टेंबर

लंच टाइममध्ये कॉम्प्युटरचं मासिक वाचलं. समजलं ते असं.

मदरबोर्ड म्हणजे घर. प्रोसेसर म्हणजे घरातला कर्ता. तो ज्या जागेवर बसतो ते सॉकेट. सॉकेट सेव्हन ही जुनी पद्धत: भोकाभोकांचा चौकोनी पाट, त्यावर प्रोसेसर मांडी घालून बसतो. स्लॉट वन ही नवी पद्धत: पाट नाही, लांब खाच, प्रोसेसर तिच्यात उभा राहतो. उभ्याला पाटावर बसवता येत नाही आणि बसक्याला खाचेत उभं करता येत नाही.

मेमरीचंही तसंच. ई.डी.ओ. म्हणजे जुनी, आखूड पट्टी, जोडीनेच लावावी लागते. एस.डी. म्हणजे नवी, लांब पट्टी, एकटीही चालते. एकीच्या जागेत दुसरी बसत नाही.

एवढंच आहे. लोक उगाच बाऊ करतात. पुढच्या आठवड्यात निर्णय.

रविवार, १३ सप्टेंबर

डोकं भणभणतंय. एक मासिक म्हणतं, सॉकेट सेव्हन संपलं, स्लॉट घ्या. दुसरं म्हणतं, सॉकेट सेव्हनला नवा जोर आलाय, स्लॉट म्हणजे नुसता डौल. दोन्ही याच महिन्याची. छापणाऱ्यांनी आधी आपापसात ठरवावं आणि मग छापावं.

कांता दुपारभर कीबोर्डवर सराव करते. त्याची वायर कशालाच जोडलेली नाही, गुंडाळून रबरबँड लावलाय. समोर भिंत. टकटक, टकटक. विचारलं, काय टाइप केलंस. म्हणाली, आमचे येथे श्रीकृपेकरून. म्हटलं, दिसत तर काही नाही. म्हणाली, मला दिसतंय. बोटं विसरतात म्हणे, म्हणून.

सोमवार, २१ सप्टेंबर

घट बसले. आजच घ्यायला मोकळीक होती, पण विचार केला, नऊ दिवसांसाठी दसरा कशाला सोडा.

आमच्या आप्पांचा नियम होता. घरातली मोठी वस्तू साडेतीन मुहूर्तांवरच घ्यायची: गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा आणि अर्धा तो दिवाळीचा पाडवा. सायकल, शिलाई मशीन, रेडिओ, सगळं तसंच आलं. रेडिओ आजही लागतो. आवाज येत नाही, पण दिवा लागतो.

तर ठरलं. सगळं एकदम घ्यायचं नाही. एकदम घेतलं की घाई, घाई झाली की चूक. दसऱ्याला मेमरी, दिवाळीच्या पाडव्याला बोर्ड आणि प्रोसेसर. पाडव्याला संध्याकाळी जोडणी. कांताला सांगितलं. ती म्हणाली, एकदाच दसऱ्याला सगळं आणा ना, मुहूर्त तोच. तिला यातलं टेक्निकल कळत नाही.

शनिवार, २६ सप्टेंबर

ऑफिसातला पोपट भेटला. त्याचा मेव्हणा सिंगापूरहून आलाय, दोन ई.डी.ओ. पट्ट्या आणल्यात. पोपट म्हणाला, सिंगापूरचा माल आहे त्र्यंबकराव, इथे डोळ्याला दिसणार नाही. सुधीरला फोन केला. तो म्हणाला, साहेब, आधी बोर्ड ठरवा, मग मेमरी. म्हणणारच. त्याच्याकडून घेत नाही ना.

शिवाय ई.डी.ओ. जोडीने लागते. घरात आलेली वस्तू जोडीने यावी हे शुभच.

गुरुवार, १ ऑक्टोबर. दसरा.

मेमरी आली. पहिला मुहूर्त साधला.

पाटावर मांडून पूजा केली. कांता म्हणाली, पाकिटातच राहू द्या. मी म्हटलं, पाकिटाची पूजा म्हणजे नवरी सोडून तिच्या बॅगेला ओवाळल्यासारखं. दोन्ही पट्ट्या बाहेर काढून हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, वर आपट्याचं पान. सोनेरी दातांवर कुंकू काय शोभत होतं. कांताने शेजारी तिचा कीबोर्ड ठेवलेला. त्यावर तिने एकच फूल ठेवलं, तेही पूजा झाल्यावर लगेच उचललं.

शुक्रवार, २ ऑक्टोबर

पट्ट्या पुसायला घेतल्या. कुंकू जात नाही. ओल्या फडक्याने पुसल्यावर पसरलं. खोबरेल लावून बघितलं. आता गुलाबी आणि तुळतुळीत आहेत. एक तांदूळ दोन चिपांच्या मध्ये अडकलाय, सुईनेही निघेना.

चालण्यावर काही परिणाम होणार नाही. देवाधर्माच्या वस्तूने काही बिघडल्याचं ऐकिवात नाही.

रविवार, ११ ऑक्टोबर

ठाण्याला गेलेलो. सुधीरने एक बोर्ड दाखवला. सॉकेट सेव्हनचा. त्यावर ई.डी.ओ.ची पण जागा आणि एस.डी.ची पण. म्हणाला, तुमची आणलेली मेमरी वाया जात नाही, पुढे नवी पण लावता येईल, आज प्रोसेसरसकट घ्या, उद्या काम सुरू.

मी नीट उलटसुलट करून बघितला. मनाला पटला नाही. ज्या बोर्डाला स्वतःचं काय ते ठरवता येत नाही तो आपल्याला काय साथ देणार. दोन्ही डगरींवर पाय. आणि आज कुठला मुहूर्त होता.

कांता दुकानात लावलेल्या एका कॉम्प्युटरसमोर उभी राहिली आणि उभ्याउभ्या दोन ओळी टाइप केल्या. सुधीर म्हणाला, वहिनींचा हात चांगला बसलाय. स्टेशनवरून घरी येताना रिक्षात ती बाहेर बघत होती.

बुधवार, २१ ऑक्टोबर. दिवाळी पाडवा.

मोठा दिवस. बोर्ड घेतला. स्लॉट वनचा. अभ्यासांती. भविष्य उभ्या प्रोसेसरचं आहे, यात आता शंका नाही.

प्रोसेसर घेतला नाही. सुधीर स्वतःच म्हणाला की महिन्या-दोन महिन्यांत भाव उतरतील. तो असंही म्हणाला की तरी आज घ्या साहेब, भाव उतरतच असतात. त्याच्या पहिल्या वाक्यात तथ्य होतं.

कांताने मला ओवाळलं. ओवाळणीत मी बोर्डाचा खोका ताटात ठेवला. तिने तो बघितला, मग माझ्याकडे बघितलं. म्हणाली, याच्यावर टाइप होतं का. म्हटलं, अगं, हा पाया आहे. ताट जड झालेलं, तिने खाली ठेवलं.

गुरुवार, २२ ऑक्टोबर. भाऊबीज.

सकाळी बोर्डावर मेमरी लावून बघायला घेतली. लागत नाही. जागाच लांब आहे. पट्टी आखूड. उलटी करून बघितली, तिरकी करून बघितली, थोडा जोर दिला. कट्‌ असा आवाज आला. तो तांदूळ होता, निघाला एकदाचा.

या बोर्डावर फक्त एस.डी. चालते. पुस्तिकेत पहिल्याच पानावर लिहिलंय. इतकं बारीक छापायचं कशाला.

पोपटला फोन केला, मेव्हण्याला मेमरी परत घ्यायला सांग. पोपटने मेव्हण्याला विचारून उलट फोन केला. मेव्हणा म्हणतो, कुंकू लावून दिलेली परत घेत नाहीत. वर दोघं फोनवर हसत होते. माणसं ओळखायला मी कमी पडलो, बाकी अभ्यासात चूक नव्हती.

शनिवार, ३१ ऑक्टोबर

उत्तमरावांचा निरोप. तुळशीची लग्नं सुरू झाली, पत्रिका यायला लागल्यात, वहिनींचं कसं काय. मी कांताला म्हटलं, सांग त्यांना, तांत्रिक बाजू अंतिम टप्प्यात आहे. ती म्हणाली, मी खोटं नाही सांगणार. मी म्हटलं, यात खोटं काय.

बुधवार, ४ नोव्हेंबर

तुळशीची लग्नं संपली. शब्द पाळला गेला नाही हे मान्य. पण परिस्थिती बघा: मेमरी जुनी, बोर्ड नवा, प्रोसेसर नाही. एकट्या माणसाने कुठे कुठे बघायचं.

कांता सोमवारपासून कल्याणला जायला लागली. उत्तमरावांचा ऑपरेटर गावाला निघून गेला, तर त्यांच्या प्रेसमधल्या जुन्या कॉम्प्युटरवर बसून हीच पत्रिका करणार. तात्पुरतं आहे, असं मीच सुचवलं. म्हणजे तिने सांगितल्यावर मी म्हटलं, ठीक आहे, तात्पुरतं.

तो कॉम्प्युटर चारशे शहाऐंशी आहे. फोर एटी सिक्स. म्हणजे पेन्टियमच्याही आधीचा. मला तर हसूच आलं. वस्तुसंग्रहालयात नोकरी लागली म्हणायची.

रविवार, २२ नोव्हेंबर

शिकवण्या बंद झाल्या. दुपारी घर शांत असतं. चहा माझा मीच करतो. संध्याकाळी ती येते, पदर खोचून कुकर लावते आणि पुन्हा कीबोर्ड घेऊन बसते. म्हटलं, दिवसभर टाइप करून पुन्हा काय. म्हणाली, तिथल्या कीबोर्डची बटणं अडकतात, हात बिघडतो, इथे सुधारून घेते.

आज तिने स्वतः केलेली पहिली पत्रिका दाखवली. दिवा गावच्या आगरी मंडळींकडचं लग्न, आजीचं नाव भागीरथी, मामांची नावं दामाजी आणि भिवाजी, मामांचीच नावं अर्धं पान. सगळी एका ओळीत सरळ. गणपती बरोबर मध्ये. मी म्हटलं, छान आहे, पण पेन्टियम टूवर हेच किती झटकन झालं असतं. तिने पत्रिका घडी न घालता पर्समध्ये ठेवली.

निश्चय: जानेवारीत प्रोसेसर.

रविवार, १३ डिसेंबर

प्रोसेसरचे भाव उतरले. अजून उतरतील.

रविवार, २० डिसेंबर

उतरले. अजून उतरतील असं वाटतं.

गुरुवार, १४ जानेवारी १९९९. संक्रांत.

कांताने तिळगूळ दिला. हातावर ठेवता ठेवता विचारलं, कॉम्प्युटर कधी हो. रागाने नाही. दुधाचं बिल विचारावं तसं विचारलं. मी म्हटलं, गुढीपाडव्याला नक्की. प्रोसेसर पाडव्याला, काहीही झालं तरी. ती म्हणाली, बरं.

गोड बोललो, गोड झालं.

रविवार, १७ जानेवारी

घात झाला.

ठाण्याच्या वाचनालयात नवीन मासिक आलेलं. स्लॉट वन बनवणाऱ्याच कंपनीने आता पुन्हा पाट आणलाय. सॉकेट थ्री सेव्हन्टी. प्रोसेसर पुन्हा मांडी घालून बसणार. उभं राहायची पद्धत हळूहळू बंद होईल असं लिहिलंय. मी तिथल्या बाकावर बसून राहिलो. शिपायाने येऊन विचारलं, साहेब, बरं वाटत नाही का. नाही वाटत म्हटलं. त्याने पंखा सुरू केला. जानेवारीत.

तीन महिने मी लोकांना सांगत होतो की भविष्य उभं आहे. माझ्याच बोर्डाच्या जिवावर उठलेल्या या लोकांना काय म्हणायचं. वाटलं, सुधीरकडे जावं आणि जे असेल ते घेऊन यावं. पण पाय निघाला नाही. जे घेईन ते जुनं होणार, याची आता भीतीच बसली आहे. दुकानाच्या अलीकडच्या कोपऱ्यावरून परत फिरलो.

रविवार, ७ फेब्रुवारी

कांता अजिबात कटकट करत नाही. सोसायटीतल्या बाकी बायका बघा. ही मात्र शांत. तिचा आता माझ्यावर पूर्ण विश्वास बसलाय. त्याने हुरूप येतो.

लग्नसराई जोरात आहे. रविवारीही तिला जावं लागतं. आमटी मी करतो. काल मीठ दोनदा पडलं.

शनिवार, २७ फेब्रुवारी

सुधीरच्या दुकानात गेलेलो. बाहेरून. त्याने बघितलं आणि आत बोलावलं. चहा मागवला. म्हणाला, साहेब, तुमच्या स्लॉटचा प्रोसेसर अजून मिळतो, एक एस.डी. पट्टी घ्या, तासाभरात जोडून देतो, वहिनींचं काम चालू होईल. मी विचारलं, किती वर्षं चालेल. तो म्हणाला, काम चालेल तोवर चालेल.

याला काय उत्तर म्हणायचं. मरत्या पद्धतीत प्रोसेसर घेऊन मी काय घरी ठेवू. त्याला म्हटलं, पाडव्याला येतो, विचार करून येतो. तो म्हणाला, विचार कमी करून या.

गुरुवार, १८ मार्च. गुढीपाडवा.

गुढी उभारली. कडुनिंब खाल्ला. ठाण्याला गेलो आणि प्रोसेसर घेतला. दिलेला शब्द पाळला. मोकळं मोकळं वाटतंय.

सॉकेट थ्री सेव्हन्टीचा घेतला. पुढचा विचार करून. बोर्ड स्लॉटचा आहे हे माझ्या लक्षात आहे, मी काही दूधखुळा नाही. हा बोर्ड सुधीरला परत करायचा आणि त्याच्याकडून नवीन बोर्ड बदलून घ्यायचा, असा हिशेब होता. पैसे दिल्यावर त्याला हे सांगितलं. त्याने बिलाचं पुस्तक मिटलं. मग म्हणाला, पाच महिन्यांपूर्वीचा बोर्ड मी कुठे ठेवू साहेब, आधी बोलायचं होतं.

दुसरा उपाय सांगितला. म्हणे मुंबईत एक छोटं कार्ड मिळतं. ते खाचेत उभं करायचं, त्या कार्डावर पाट असतो, पाटावर हा प्रोसेसर बसवायचा. दोन दिवसांत मागवून देतो म्हणाला. मी साफ नाही म्हटलं. भाडेकरूच्या खोलीत पोटभाडेकरू. असले जुगाड माझ्या घरात चालणार नाहीत.

कांता कल्याणला होती. पाडव्याला प्रेस बंद असते, पण उत्तमरावांच्या बायकोने जेवायला बोलावलेलं. मलाही बोलावलेलं म्हणे. मी मुहूर्ताच्या गडबडीत विसरलो.

शनिवार, २० मार्च

तिघांना टेबलावर शेजारी शेजारी मांडून बघितलं. मेमरी गुलाबी. बोर्ड खोक्यात. प्रोसेसर कापसात. एकेक चांगल्या घरचा, पण एकाचं दुसऱ्याशी जमत नाही. मेमरीला हा बोर्ड नको, बोर्डाला हा प्रोसेसर नको. बोर्डावर कीबोर्डची जागा बघितली तर तीही बारीक आहे, आणि कांताच्या कीबोर्डची पिन जाड, जुन्या पद्धतीची. म्हणजे तिच्या खरेदीतही चूक झालेली. हे मी तिला सांगितलं. ती कोथिंबीर निवडत होती. म्हणाली, हो का.

खरं सांगायचं तर मला काय करावं ते कळत नाही. पाच सात महिने रोज वाचतोय आणि रोज कमी कळतंय. आप्पांना रेडिओ घेताना असलं काही बघावं लागलं नाही. दुकानात गेले, मोठा आवाज कुठल्याचा ते विचारलं, घेऊन आले.

शुक्रवार, २६ मार्च

पोपटने विचारलं, कॉम्प्युटर झाला का. म्हटलं, होतोय. म्हणाला, त्र्यंबकराव, देऊळ बांधताय की काय. ऑफिस हसलं. मी फाइल उघडली. फाइल उलटी होती.

सोमवार, ५ एप्रिल

निश्चय: साडेतीनमधला एकच मुहूर्त उरलाय, अक्षय्य तृतीया. त्या दिवशी सुरू केलेलं कधी संपत नाही. त्या दिवशी नवा बोर्ड आणि एस.डी. मेमरी, दोन्ही एकदम. प्रोसेसर आहेच. ही शेवटची खरेदी. सुधीरला फोन करून ठेवायचा.

गुरुवार, ८ एप्रिल

फोन केला. सुधीर म्हणाला, साहेब, खरं सांगू का, थोडं थांबलात तर नवीन येतंय काहीतरी. मग लगेच म्हणाला, नाही नाही, थांबू नका, मी चुकून बोललो.

पण आता कानावर पडलंच.

शुक्रवार, १६ एप्रिल

संध्याकाळी कांताने माझ्या हातात एक पत्रिका दिली. मला वाटलं, कुणाचं लग्न. वाचलं: कांता अक्षरजुळणी, कल्याण. उद्घाटन अक्षय्य तृतीयेच्या शुभमुहूर्तावर. आपली उपस्थिती प्रार्थनीय.

उत्तमरावांनी प्रेसचा पुढचा अर्धा गाळा हिला दिलाय आणि तो जुना कॉम्प्युटरही. त्यांची मुलगी पुण्याला असते, तिच्या जवळ राहायला ते आणि त्यांची बायको अधूनमधून जाणार, तर पत्रिकांचं सगळं आता हीच बघणार. हे महिनाभर चाललेलं. म्हटलं, मला बोलली नाहीस. म्हणाली, तुम्ही अभ्यासात होता.

मग म्हणाली, रविवारच आहे, सुट्टी आहे तुम्हाला, या. पत्रिका द्यायला ती पुढे शेजारी गेली. त्यांनाही तसंच म्हणाली, रविवारच आहे, या.

मुहूर्त मात्र बरोबर निवडलाय. एवढं तरी माझ्याकडून शिकली.

रविवार, १८ एप्रिल. अक्षय्य तृतीया.

सकाळी निघताना कांता म्हणाली, मी पुढे होते, येताना माझा कीबोर्ड आणाल का, तिथला पार गेलाय. टॉवेलात गुंडाळून घेऊन गेलो. ठाण्याला जायचं आज जमलं नाही.

गाळ्यात झेंडूचं तोरण. पंचवीस-तीस माणसं. शिकवणीच्या पोरांच्या आया डोंबिवलीहून आलेल्या. ती आगरी आजी पण आलेली, भागीरथीबाई, नातवाच्या लग्नाची पत्रिका हिने केली म्हणून. सगळ्यांना सांगत होती, पोरीनं माझ्या पोरांची नावं किती सरळ लावलीत बघा, एकबी वाकडं नाय. कांता हिरवी साडी नेसलेली. मी तिला इतकं हसताना पुष्कळ दिवसांत बघितलेलं नाही.

मी कीबोर्ड उत्तमरावांच्या हातात दिला आणि समजावून सांगायला लागलो. की हा लागणार नाही. की याची पिन जाड असते, नवीन बोर्डांना बारीक लागते. की कुठल्या पिढीचं सॉकेट आहे ते बघितल्याशिवाय नुसतं आणून काही होत नाही. उत्तमराव आदराने ऐकत होते. तेवढ्यात कांताने त्यांच्या हातातून तो घेतला, वायरचा रबरबँड काढून मनगटाला लावला, वाकून टेबलामागे हात घातला आणि खटकन लावून टाकला.

बसला. पहिल्या झटक्यात.

तिने खुर्ची ओढली, पदर नीट केला आणि टाइप केलं. न बघता. बोटं घरी चालायची तशीच, टकटक, टकटक. पडद्यावर अक्षरं उमटली: आमचे येथे श्रीकृपेकरून.

गेल्या गणपतीपासून ती आमच्या भिंतीसमोर हीच ओळ लिहीत होती. ती मला आज पहिल्यांदा दिसली.

भागीरथीबाईंनी तिच्या कपाळाला कुंकू लावलं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मी काहीतरी बोलावं म्हणून विचारलं, आत प्रोसेसर कुठल्या सॉकेटवर आहे. कांता म्हणाली, मी कधी उघडून बघितलं नाही हो. चांगल्या आवाजात म्हणाली. मग मला म्हणाली, पेढे तेवढे वाटाल का. मी वाटले. सगळ्यांना पुरले.

परत मी एकटाच आलो, ती प्रेस बंद करून येणार होती. टेबलावर तिघं होते तसेच पडलेले आहेत. कीबोर्डची जागा तेवढी रिकामी, त्या जागी धूळ नाही.

आज निश्चय काही नाही. फक्त एक लक्षात आलं ते लिहून ठेवतो. संक्रांतीला तिळगूळ देताना तिने विचारलं होतं, कॉम्प्युटर कधी हो. त्यानंतर तिने एकदाही विचारलेलं नाही. मी समजत होतो, माझ्यावर विश्वास बसलाय.